देवाला हरवणारा माणूस लिहायचा कसा?

नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. शहराच्या पूर्व भागात त्या दिवशी पाऊल ठेवायला जागा नसते. मार्कंडेय हे विणकर पद्मशाली समाजाचं दैवत, आणि इथले माग कित्येक पिढ्या याच समाजाच्या हातांनी चाललेत. एका वर्षी रथाची वाट बघत उभा होतो, तेव्हा शेजारच्या दहा-अकरा वर्षांच्या पोरानं आजीला विचारलं, "अव्वा, यमाला हरवलं म्हणतीस, पण यानं केलं काय? नुसती पिंडीला मिठी मारली की."

अव्वा म्हणाली, "सोडली नाही ना पण."

मी फँटसी लिहितो, आणि नव्यानं लिहिणाऱ्या मुलामुलींचे खर्डे वाचतो. मर्त्य माणूस देवाला, दैत्याला किंवा एखाद्या अजस्र प्राण्याला हरवतो, ही कथा प्रत्येकाला कधी ना कधी लिहावीशी वाटते. बहुतेकांचा शेवट मात्र दोनपैकी एका खड्ड्यात पडतो. एक तर देव ऐनवेळी लुळा पडतो : शेकडो पानं ज्यानं गावं गिळली, तो शेवटच्या प्रकरणात एका भाल्यानं मरतो. नाही तर नायकच ऐनवेळी देव होतो : त्याच्या रक्तात काहीतरी दडलेलं निघतं, डोळ्यांतून उजेड येतो आणि दोन देवांची मारामारी होते. दोन्हीकडे माणूस जिंकलेलाच नसतो.

माझं म्हणणं असं, की तो जिंकला पाहिजे माणूस असल्यामुळेच. तो मरतो, थकतो, त्याचे दिवस मोजके असतात, त्याला पोटासाठी हातानं काम करावं लागतं. देवाकडे यातलं काहीच नसतं. विजय तिथून आणायचा. कसा, ते पायरीपायरीनं सांगतो. उदाहरणासाठी माझीच एक कथा सोबत घेतो, कारण तिच्यात मी कुठे कुठे अडलो ते मला नीट माहीत आहे.

पहिली पायरी : हरवणं म्हणजे नेमकं काय, ते एका वाक्यात लिहा

कथा सुरू करण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा : शेवटी देवाचं काय होतं? "तो मरतो" हे सगळ्यांत सोपं उत्तर आहे आणि बहुतेक वेळा सगळ्यांत कच्चं.

आपल्याकडच्या जुन्या कथा बघा. मार्कंडेयाचं आयुष्य सोळा वर्षांचं. यम पाश टाकतो, पोरगं पिंडीला कवटाळून बसलेलं असतं, म्हणून पाश पिंडीवरही पडतो. यमाचा अधिकार माणसावर होता, शंकरावर नव्हता. त्याच्याच हत्यारानं त्याला हद्दीबाहेर नेलं. यम तिथे मरून गेला असता तर कथेची मजाच गेली असती. तो हद्दीत परत ढकलला जातो, आणि पुढच्या माणसासाठी उद्या पुन्हा येणारच असतो.

सावित्री यमाला वाटेत गाठते आणि त्याच्या मागं चालत राहते. सात पावलं सोबत चाललं की मैत्री होते, असं त्यालाच सांगते. एकेक वर घेते : सासऱ्यांचे डोळे, त्यांचं राज्य, वडिलांना शंभर मुलगे. प्रत्येक वेळी यम बजावतो, सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग. मग ती सत्यवानापासून स्वतःला शंभर मुलगे मागते आणि यम देऊन बसतो. इथं हार म्हणजे दिलेल्या शब्दात अडकणं. नचिकेत यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो. पाहुणा उपाशी राहिला हा यजमानाचा दोष, म्हणून यम तीन वर देणं लागतो. इथं हार म्हणजे ऋण.

आणि आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, पुंडलिकानं देवाकडे वीट फेकली. आईवडिलांची सेवा चालली होती, देवाला म्हणाला थांब. अठ्ठावीस युगं तो थांबलाय. माझ्या मते माणसानं देवाला जिंकल्याची याहून मोठी कथा कुठल्याच भाषेत नसेल, आणि तिच्यात जिंकणाऱ्याला जिंकायचंच नव्हतं.

तेव्हा मारणं, हद्दीत परत लावणं, शब्दात अडकवणं, देणेकरी करणं, थांबवणं, नकळत उपाशी ठेवणं, यातलं काय ते आधी ठरवा. माझ्या वाक्यात लिहिलं होतं : "त्याला राहायला जागा उरत नाही."

दुसरी पायरी : देव गरजेतून घडवा

भीतीतून घडवलेला देव लवकर संपतो. मोठे दात, लाल डोळे, शंभर हात, पुढे काय? त्यापेक्षा विचारा, लोकांनी याला पहिल्यांदा का हाक मारली? काय हवं होतं त्यांना?

माझ्या कथेतला देव सोलापूरच्या बाहेरच्या माळावरचा आहे. खडकाळ जमीन, पातळ माती, झाड नाही. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. अशा माळावर शेळ्या राखणाऱ्याला सोन्यापेक्षा काय हवं असेल? सावली. म्हणून माझा देव सावलीचा. मी त्याचं नाव ठेवलं सावलोबा. खंडोबा, म्हसोबा, बिरोबा अशा नावांच्या शेजारी ते चपखल बसतं, आणि वाचकाच्या कानाला ते नवं असूनही ओळखीचं लागतं. नाव घडवताना ही काळजी घ्या. "झाराक्थूर" असं नाव माळावरच्या कुठल्याच धनगरानं घेतलं नसतं.

सावलोबाचं ठाणं म्हणजे माळावरचा पुरुषभर उंचीचा उभा दगड. धनगरांनी त्याला सावली मागितली, त्यानं दिली. दगडाची सावली असायला हवी त्याहून लांब पडायची, गार असायची. बदल्यात तो कधी एखाद्या शेळीची सावली घ्यायचा. मग एका धनगराची घेतली. सावली गेली की माणूसही तिच्या मागं जातो, दाव्याला ओढलेल्या जनावरासारखा.

हा देव दुष्ट नाही. त्याला एक गोष्ट देता येते आणि तीच घेता येते. असा प्रतिस्पर्धी लिहायला फार बरा, कारण त्याच्याशी बोलता येतं आणि त्याची कीवही येते.

तिसरी पायरी : एकच नियम, आणि तो कापसासारखा पिंजा

ही पायरी मी सगळ्यांत जास्त वेळ करायला लावतो. अमानवी शक्तीला एकच नियम द्या. दोन दिलेत तर वाचक दोन्ही विसरेल. मग त्या नियमातून काय काय निघतं ते कागदावर उतरवा, अगदी कंटाळा येईपर्यंत.

माझा नियम : सावलोबा सावलीतच असतो आणि सावलीतूनच हात लावतो.

आता पिंजूया. सावली लांब असते सकाळी आणि संध्याकाळी, म्हणून त्याचं बळ तेव्हा जास्त. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, दुपारचीही सावली लांब, म्हणून संक्रांतीच्या दिवसांत तो दूरवर पोचतो. पावसाळ्यात ढग दाटले की उजेड सगळीकडून सारखा येतो, रेखीव सावली पडत नाही, म्हणून तो झोपतो. चांदण्यातही सावली पडते, म्हणून पौर्णिमा धोक्याची. मग अमावस्या? अमावस्येला माळावर कसलीच सावली नाही. सगळ्या भयकथांमध्ये जिला भ्यायचं, ती रात्र इथं सुरक्षित निघाली! हे मी ठरवलं नव्हतं, नियमातून आपोआप आलं. असं काही निघालं की नियम चांगला आहे असं समजा.

पुढे. दिव्याचीही सावली पडते. मागाच्या शेडमध्ये वर एकच बल्ब असेल तर विणणाऱ्याची सावली ताण्यावर पडते. याचा अर्थ सावलोबा शहरात येऊ शकतो. पण उन्हाचा मोकळा पट्टा त्याला ओलांडता येतो का? मी ठरवलं, नाही. एका सावलीतून दुसरीत जायला दोन्ही एकमेकींना टेकायला हव्यात. संध्याकाळी सगळ्या सावल्या लांबून एकमेकींत मिसळतात, तेव्हा त्याला रस्ता मिळतो.

पिंजणं म्हणतात ते हे. या टप्प्यावर कथानकाचा विचार करू नका. वीस-पंचवीस ओळी होऊ द्या. तुमच्या शेवटाची चावी त्यातल्याच एका ओळीत असते, आणि ती बहुधा मागाहून सुचलेल्या, बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या ओळीत सापडते.

मला ती अशी सापडली. सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे विषुववृत्त आणि कर्कवृत्ताच्या मधे. या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. आपल्याकडे तो दिवस मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टात बहुधा ढग असतात. मे महिन्यात मात्र आकाश स्वच्छ. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि सोलापूर त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून तो क्षण बाराला येत नाही, साडेबाराच्या पाच-सात मिनिटं आधी येतो. त्या क्षणी सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. चारेक मिनिटांत मीटरभर काठीच्या पायाशी दीडेक सेंटीमीटरची रेघ पुन्हा दिसू लागते. शाळांमधून हा शून्य सावलीचा दिवस मुलांना दाखवतात. दिल्लीत तो कधीच येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

म्हणजे वर्षातून एकदा, काही क्षण, सावलोबाचं घरच नाहीसं होतं. ही कथा दिल्लीत घडूच शकत नाही. जागा कथेत अशी मुरली पाहिजे, की ती उचलून दुसरीकडे ठेवली तर कथा मोडावी.

चौथी पायरी : फट शोधा, पण ती देवाच्या स्वभावातून येऊ द्या

नियमात फट असणं पुरेसं नाही. देवाला ती दिसत का नाही, हे सांगावं लागतं. नाही तर वाचक विचारतो, एवढा मोठा देव आणि एवढंही कळलं नाही?

रावणानं वर मागताना देव, गंधर्व, यक्ष, दानव सगळे मोजले. माणसांची गणतीच केली नाही, ती त्याला गवताच्या काडीसारखी वाटली. फट वरदानात होती, पण ती पाडली तुच्छतेनं. वातापी राक्षस बोकड व्हायचा, त्याचा भाऊ इल्वल त्याला शिजवून पाहुण्यांना वाढायचा आणि मग हाक मारायचा, की वातापी पोट फाडून बाहेर. अगस्त्यांनी जेवून हाक यायच्या आत पचवून टाकला. तिथं फट पाडली सवयीनं. शंभर वेळा चाललेली युक्ती एकशेएकाव्यांदाही चालेल असं त्या भावांना वाटलं.

तुच्छता, सवय, भूक, दिलेला शब्द, एकटेपण. यातलं एक निवडा आणि पहिल्या प्रकरणापासून पेरा.

आणि शक्य असेल तर ती फट अमरपणातूनच येऊ द्या. सावलोबाला मरण नाही, म्हणून त्याला दिवस मोजायची गरज कधी पडली नाही. त्याच्यासाठी कालचं ऊन आणि शंभर वर्षांपूर्वीचं ऊन सारखंच. वर्षातून एकदा आपल्याला क्षणभर गुदमरतं एवढं त्याला माहीत आहे, पण ते कधी होणार हे त्याला सांगता येत नाही. मोजणं हे मरणाऱ्याचं काम आहे. ही ओळ सुचली तेव्हा मला माझी नायिकाही सापडली.

इथं एक धोका सांगतो, कारण मी त्यात पडलो होतो. एका मुलीनं मला विचारलं, "सर, हा क्षण दरवर्षी येतो ना? मग आजवर तो दरवर्षी कुठे गेला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन आठवडे कथा बंद पडली. मग माळावर जाऊन दुपारभर बसलो. शेळ्या एकमेकींना खेटून, माना खाली घालून उभ्या राहतात हे तिथं बघितलं. सूर्य डोक्यावर असला तरी शेळीच्या पोटाखाली सावली असतेच. सावलोबा दरवर्षी दगडाशी विसावलेल्या शेळ्यांच्या पोटाखाली शिरायचा! तेव्हा नायिकेला आणखी एक काम लागलं : त्या दिवशी धनगराला शेळ्या दुसरीकडे न्यायला लावणं. आणि धनगर तर त्या देवाचा भक्त. एका प्रश्नानं कथेला एक अख्खं प्रकरण दिलं. तुमच्या फटीला हा प्रश्न जरूर विचारा : हे आधी कुणी का केलं नाही?

पाचवी पायरी : माणसाला धंदा द्या

नायकाला "शूर" करू नका, त्याला काम द्या. त्याच्या हातांना काय येतं? त्याच्या डोळ्यांना दुसऱ्यांना न दिसणारं काय दिसतं?

माझी नायिका राजव्वा विडी वळते. सोलापुरात हजारो घरांत हे काम बायकाच करतात. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरायचा, वळायची, दोऱ्यानं बांधायची. मजुरी हजार विड्यांमागे. हाताखालून विड्या जात असतात आणि डोक्यात आकडा चालू असतो. पन्नास वर्षं हे केलेल्या बाईचं मोजणं कुठल्याही ज्योतिषापेक्षा पक्कं असणार. अंगणातल्या खांबाच्या सावलीवर ती वेळ ओळखते. मिलचा भोंगा बंद झाल्यावर तिला तोच एक भोंगा उरलाय. वर्षातून एका दुपारी खांबाला सावलीच राहत नाही, हे तिला शाळेत न जाता माहीत आहे. त्या दिवशी ती भिंतीवर कोळशानं रेघ ओढते. का, तर ओढते. आईही ओढायची.

रेघा पहिल्या प्रकरणात आल्या पाहिजेत, आणि घरातल्या बारीकसारीक गोष्टींसोबत जाता जाता आल्या पाहिजेत. वाचकानं त्या पाहाव्यात आणि विसराव्यात.

हस्तकौशल्यानं देवाशी भिडण्याची जुनी उदाहरणंही वाचा. ग्रीकांची अराक्नी विणकरीण होती, तिनं अथीनादेवीशी पैज लावली. एका जुन्या लॅटिन काव्यात ही कथा अशी येते, की देवीला तिच्या विणकामात एकही दोष सापडला नाही. म्हणून देवीनं ते वस्त्र फाडलं आणि तिला जाळं विणणारा कोळी करून टाकलं. शहरात जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर जन्म गेलेल्या माणसाला मी ही कथा सांगितली, तर तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे जिंकली की ती." खरं आहे. फाडावं लागलं तिथंच देवी हरली.

सहावी पायरी : आधी हरा, आणि प्रत्येक हारीतून एक गोष्ट शिका

तीन प्रयत्न पुरतात. प्रत्येक प्रयत्न शहाण्या माणसानं केलेला असावा, आणि तो फसण्याचं कारण नियमातच असावं.

माझ्या कथेत आधी गावातली तरणी पोरं पहार घेऊन जातात आणि दगड फोडतात. दगडाचे दोन तुकडे होतात, म्हणजे दोन सावल्या. आता दोन हात झाले. मग लोक रात्री दिवट्या घेऊन मोठ्या जमावानं जातात, उजेडानं त्याला पळवू म्हणून. पण शंभर दिवट्या म्हणजे प्रत्येक माणसाच्या शंभर सावल्या, चहूबाजूंना. ते प्रकरण लिहिताना माझा हात थरथरला होता. तिसऱ्यांदा एक मास्तर अमावस्येला एकटे जातात. अंधारात दगडापर्यंत सुखरूप पोचतात, त्याला हात लावतात, आणि त्यांना कळतं, इथे कुणीच नाही. जिथे तो नाही तिथे त्याला हरवणार कसं?

तिन्ही मिळून वाचकाला काय कळलं? फोडून चालत नाही, उजेड वाढवून चालत नाही, पूर्ण अंधारही चालत नाही. उजेड हवा आणि सावली नको. आता राजव्वाच्या भिंतीवरच्या रेघा कुणालातरी आठवायला लागतात. उत्तर लेखकानं सांगायच्या एक पान आधी वाचकाच्या मनात यावं, एवढंच अंतर ठेवा.

सातवी पायरी : देवाशी बोलायची भाषा

मराठीत आपण देवाला "तू" म्हणतो. फौजदाराला साहेब, मालकाला शेठ, जावयाला तुम्ही, आणि विठ्ठलाला "तू". ही सोय फुकट घालवू नका. राजव्वा सावलोबाशी पहिल्या वाक्यापासून "तू"नं बोलते आणि त्यात उद्धटपणा नाही, घरोबा आहे. तो मात्र माणसांना नावानं ओळखत नाही, "ए" एवढंच म्हणतो. शेवटी तो तिला "बाई" म्हणतो, तेव्हा लढाई कुठे चाललीय हे एका शब्दात कळतं.

सोलापूरच्या एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडतात. पात्रांना तशी बोलू द्या. दर वाक्याला अर्थ द्यायची गरज नाही.

पुरातन वाटावं म्हणून देवाच्या तोंडी "हे क्षुद्र मानवा" घालू नका. माळावरचा देव माळावरच्यासारखा बोलेल.

आठवी पायरी : किंमत

फुकटचा विजय वाचकाच्या लक्षात राहत नाही. मेसोपोटेमियात मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या कथेत गिल्गमेश राजा आणि त्याचा मित्र एंकिडू देवदाराच्या जंगलाचा राखणदार हुंबाबा मारतात, मग स्वर्गातला बैल मारतात, आणि देव ठरवतात, दोघांतला एक मेला पाहिजे. एंकिडू मरतो. उरलेली कथा त्या दुःखाची आहे. ग्रीक कथेतला ओडिसियस एका डोळ्याच्या राक्षसाला "माझं नाव कुणीच नाही" असं सांगून सुटतो, पण नावेत बसल्यावर त्याला राहवत नाही, खरं नाव ओरडून सांगतो. राक्षसाचा बाप समुद्रदेव, तो पुढे वर्षानुवर्षं त्याला घरी पोचू देत नाही. किंमत तिथं थेट स्वभावातून आली.

सत्ता गेल्यावर काय होतं, हे या शहराला कथेतून शिकायला नको. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांचा अंमल काही दिवस जवळजवळ नाहीसा झाला होता. मग लष्करी कायदा आला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याला फाशी दिली. चार हुतात्म्यांचा पुतळा रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या गावात बसून "आणि सगळे सुखी झाले" असं लिहायला माझा हात धजत नाही. तुमच्या देवाचा अंमल उठल्यानंतरचे पहिले चार दिवस लिहून बघा. कोण रडतं, कुणाचा धंदा बुडतो, कुणाला तो देव हवाच होता?

माझ्या माळावर सावल्या परत येतात. त्यांच्या मागं गेलेली माणसं येत नाहीत. आणि धनगराला आता बसायला गार जागा नाही.

नववी पायरी : पुजला जाणारा देव आणि कथेतला देव

थोडक्यात सांगतो. ज्याची आजही कुणी पूजा करतं, त्याला तुमच्या कथेत हरवायला आणू नका. भीती म्हणून नाही. त्या देवाची एक कथा लोकांकडे आधीच आहे, आणि ती तुमच्यापेक्षा हजारो तोंडांनी जास्त घासून गुळगुळीत झालेली आहे. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या यात्रेत, नंदीध्वजाची उंच काठी खांद्यावर तोलणाऱ्या माणसाकडे एकदा बघा, देव म्हणजे वजन कसं असतं ते कळेल. ते वजन शिका आणि स्वतःच्या देवाला द्या.

दहावी पायरी : तेच काम करणाऱ्याला वाचून दाखवा

शेवटचा प्रसंग मी पहिल्या खर्ड्यात असा लिहिला होता : साडेबाराला थोडा अवकाश असताना राजव्वा दगडाच्या पायाशी रिकामं सूप कलतं धरते. दगडाची सावली आखडत नाहीशी होते, सावलोबा सुपाखाली शिरतो, ती सूप जमिनीवर उपडं दाबते. संपलं. मला ते फार आवडलं होतं.

मग विडी वळणाऱ्या एका बाईंना तो वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या, हात चालू होते. शेवट झाल्यावर म्हणाल्या, "सूप असं हातात कोण धरतं? सूप मांडीवर असतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "आणि हजार झाल्याशिवाय कोण उठतंय?"

मी घरी येऊन तो प्रसंग फाडला आणि पुन्हा लिहिला. आता राजव्वा रोजच्यासारखी मांडी घालून दगडाला खेटून बसते, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. सावलोबानं अशा बायका आयुष्यभर पाहिल्यात, त्याला संशय येत नाही. मांडी आणि सूप यांच्यामधल्या पोकळीत सावली असते. तीच तेवढी उरते.

"दगडाच्या बुडाशी काळी रेघ होती, ती दोऱ्याएवढी झाली. मग दोराही राहिला नाही. राजव्वाच्या मांडीला गार लागलं, विहिरीतून आत्ताच काढलेली घागर टेकवल्यासारखं. तिनं पाय हळूच लांब केले. सूप मांड्यांवर बसलं. वरून तिनं पदर पसरला आणि पुढचं पान घेतलं.

'ए,' खालून आवाज आला. 'सूप उचल.'

तिनं विडी वळली, दोरा गुंडाळला.

'बाई, सूप उचल.'

'हजार होऊ देत, मग उचलते.'

ऊन सरकलं. दगडाला पुन्हा सावली फुटली, साधी, दगडाएवढीच. राजव्वाचे पाय कमरेपर्यंत गारठले होते. ते पुन्हा कधी ऊबदार होणार नाहीत, हे तिला कळलं होतं.

'किती झाल्या?' त्यानं विचारलं.

'मोजतेय,' ती म्हणाली. 'हजार म्हणजे किती, ठाऊक आहे तुला?'

बराच वेळ खालून काहीच आलं नाही."